रेकॉर्ड उलटताना

डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी आम्ही सातआठ जण शेजारच्या बाईंच्या घरी जमतो. माझी मुलगी त्यांना आजी म्हणते, म्हणून हळूहळू मीही म्हणायला लागले. फ्रीमाँटमधली आमची गल्ली त्या दिवसांत बहुधा ओली असते. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास हिवाळा पाऊस घेऊन येतो. बर्फ बघायचा तर गाडी काढून सिएराच्या डोंगरात जावं लागतं. टेबलावर आजींचा संत्र्याची साल किसून घातलेला केक असतो, मी नेलेल्या चकल्या असतात. चहा होतो. मग आजी कपाटातून कोपरे झिजलेलं एक कव्हर काढतात आणि रेकॉर्ड दोन्ही तळव्यांच्या कडांवर तोलून प्लेअरवर ठेवतात.

'अ चार्ली ब्राउन ख्रिसमस', विन्स ग्वाराल्डी ट्रायो, १९६५. त्याच नावाच्या टीव्हीवरच्या कार्टून कार्यक्रमाचं संगीत. ग्वाराल्डीचा पियानो, डबल बेस, ड्रम्स. अकरा ट्रॅक, दोन बाजू, सगळं मिळून पस्तीसेक मिनिटं. आमचा नियम एकच आहे. दोन्ही बाजू ऐकून झाल्यावर प्रत्येकाने एकच ट्रॅक निवडायचा आणि तो का, ते सांगायचं. 'सगळेच आवडतात' हे उत्तर चालत नाही. दरवर्षी तीच रेकॉर्ड, जवळपास तीच माणसं, आणि तरी वाद रात्री अकरापर्यंत चालतो.

मी हे संगीत पहिल्यांदा ऐकलं ते किराणा घेताना. देशातून येऊन दोन महिने झाले होते, हातात दुधाचा कॅन होता, आणि वरच्या स्पीकरमधून 'लायनस अँड ल्युसी' सुरू झालं. ज्यांनी कधी पीनट्सची, म्हणजे चार्ली ब्राउन आणि त्याच्या मित्रमंडळींची, कार्टून्स पाहिली असतील त्यांना ही धून नावाने नाही तरी कानाने माहीत असते. मी दूध हातात धरून उभी राहिले ते डाव्या हातामुळे.

याचं कारण सांगायला हवं. मी मिरजेत पेटी शिकले. पेटीवाल्याचा डावा हात भाता मारतो. तो श्वास पुरवतो, सूर लावत नाही. गाण्यात जे काही सांगायचं ते उजव्या हाताच्या पाच बोटांनी. आणि इथे हा माणूस डाव्या हाताने एक वेगळीच गोष्ट सांगत होता. खालच्या सुरांची एक घट्ट, उड्या मारणारी ओळ, पुन्हा पुन्हा तीच, आणि तिच्यावर उजवा हात निर्धास्त खेळतोय. खालचा हात मिनिटभरही विचलित होत नाही. मला वाटलं दोन माणसं वाजवताहेत.

आमच्यातले तबलेवाले काका याला एका शब्दात उत्तर देतात. "डग्गा," ते म्हणतात. "डावा हात म्हणजे डग्गा. वरच्या चाटीवर तू काय वाटेल ते कर, डग्गा बोलतोय तोवर मैफल पडत नाही." काकांची निवड पंधरा वर्षं बदललेली नाही. ग्वाराल्डीवर बुगी-वुगी ही नाचरी पियानोशैली वाजवणाऱ्या जुन्या पियानोवाल्यांचे संस्कार होते, आणि बुगी-वुगीत डावा हात हाच घोडा असतो. काकांना हा इतिहास मी सांगितला तेव्हा ते म्हणाले, ते मला हाताला कळलं होतं.

पण 'लायनस अँड ल्युसी' निवडलं की लगेच कुणीतरी हरकत घेतं: हे ख्रिसमसचं गाणं आहेच कुठे? हरकत खरी आहे. त्यात घंटा नाहीत, जुनं भजन नाही. आणि ते ख्रिसमससाठी लिहिलेलंही नव्हतं. त्याची गोष्ट मला फार आवडते, कारण ती एका उलटलेल्या रेकॉर्डपासून सुरू होते.

ग्वाराल्डी सॅन फ्रान्सिस्कोचाच, जन्म १९२८. १९६२ मध्ये त्याने 'ब्लॅक ऑर्फियस' या चित्रपटातल्या ब्राझिली संगीतावर एक अल्बम केला. त्यातून एक छोटी रेकॉर्ड निघाली. तिच्या दर्शनी बाजूला चित्रपटातला सांबा होता, आणि मागच्या बाजूला, जागा भरायला म्हणावी तशी, त्याची स्वतःची रचना: 'कास्ट युअर फेट टू द विंड'. रेडिओवाल्यांनी रेकॉर्ड उलटली आणि मागची बाजू वाजवायला सुरुवात केली. तीच गाजली, तिलाच ग्रॅमी मिळालं. पुढे ली मेंडेलसन नावाचा निर्माता पीनट्सचा जनक चार्ल्स शुल्झ याच्यावर माहितीपट करत होता आणि संगीतकार शोधत होता. गोल्डन गेट पुलावरून जाताना रेडिओवर त्याने ही मागची बाजू ऐकली आणि ग्वाराल्डीला गाठलं. काही दिवसांनी ग्वाराल्डीचा फोन आला. त्याला नुकतीच सुचलेली एक धून ताबडतोब ऐकवायची होती. मेंडेलसन म्हणाला, फोनवर नको, समोर ऐकतो. ग्वाराल्डीला धीर नव्हता. त्याने फोनवरच वाजवली. ती 'लायनस अँड ल्युसी'.

तो माहितीपट कुठल्याच वाहिनीने घेतला नाही. संगीताची रेकॉर्ड मात्र १९६४ मध्ये निघाली. म्हणजे ख्रिसमसच्या कार्यक्रमाचं अजून कुणाच्या मनातही नव्हतं तेव्हा ही धून तयार होती. पुढच्या वर्षी कोका-कोलाने पीनट्सचा ख्रिसमस कार्यक्रम मागितला, हातात जेमतेम सहा महिने होते, आणि त्या कार्यक्रमात मुलं नाटकाची तालीम सोडून याच धूनवर नाचली. त्या नाचापासून ती ख्रिसमसची झाली. काकांचं म्हणणं असं की एखादी चीज कुठल्या प्रसंगासाठी बांधली याला महत्त्व नसतं, लोक ती कधी गातात ते बघायचं. यावर मला काही बोलता येत नाही, कारण आपल्याकडच्या निम्म्या लग्नगीतांचं तेच आहे.

बर्फाचं आता सांगते. या अल्बममध्ये 'स्केटिंग' नावाचा अडीच मिनिटांचा ट्रॅक आहे. तीनाच्या ठेक्यात, काका म्हणतात तसा दादऱ्याच्या चालीने झुलणारा. उजव्या हातातून सुरांच्या जोड्या घरंगळत खाली येतात, थांबतात, पुन्हा वरून सुटतात. ज्याला विचारावं तो सांगतो की हा भुरभुरणारा बर्फ आहे. माझ्या मुलीचा हाच लाडका. ती आठ वर्षांची असताना आम्ही तिला सांता रोझाला नेलं होतं. शुल्झ मिनेसोटाचा, गोठलेल्या तळ्यांच्या मुलखातला. कॅलिफोर्नियात आल्यावर त्याने १९६९ मध्ये तिथे बर्फाचं मैदान बांधलं, बाहेर ऊन असताना आत स्केटिंग करायला. ते अजून चालू आहे. मुलगी कठड्याला धरून अर्धा तास नुसती उभी होती. मग हात सोडला. परतताना गाडीत तिने 'स्केटिंग' सहा वेळा लावायला लावलं.

मला मात्र त्यात बर्फ कधी ऐकू आला नाही. मला पागोळ्या ऐकू येतात. कौलांवरून एकामागून एक सुटणारे थेंब, मधे एखादा चुकणारा, मग दोन एकदम. हे मी पहिल्या वर्षी जरा संकोचूनच सांगितलं. आजी म्हणाल्या, "विन्स तरी कुठे बर्फात वाढला? त्याच्या खिडकीबाहेर पाऊस आणि धुकंच होतं." त्या दिवसापासून मला हा अल्बम जवळचा वाटायला लागला. बर्फ पडत नाही अशा गावातल्या माणसाने बर्फाचं संगीत केलं. अल्बमचा शेवटचा ट्रॅक 'द ख्रिसमस साँग' हाही असाच: मेल टोर्मे आणि बॉब वेल्स यांनी ते गाणं १९४५ च्या जुलैत, कॅलिफोर्नियाच्या उकाड्यात लिहिलं, थंडीची नुसती कल्पना करून. ग्वाराल्डी ते हळू, एखाद्या बंद होत आलेल्या हॉटेलात शेवटचं गिऱ्हाईक उठेपर्यंत वाजवावं तसं वाजवतो.

काही ट्रॅकवर आम्ही फार थांबत नाही. 'फ्युर एलिझे' मिनिटभराचं आहे, जसं आहे तसं वाजवलेलं. माझा नवरा 'ख्रिसमस इज कमिंग' निवडतो, कारण ते ऐकत तो पळायला जातो आणि मधे ठेका बदलतो तिथे त्याचा वेग आपोआप वाढतो. 'व्हॉट चाइल्ड इज धिस' सुंदर आहे, पण त्याची मूळ इंग्रजी चाल शतकानुशतकं इतक्यांनी वाजवली आहे की आमच्यात तिच्यासाठी कुणी भांडत नाही. 'माय लिटल ड्रम' बिचारा कुणाच्याच यादीत नसतो. त्याची बाजू एकदा मी घेतली होती. त्यात मागे मुलं तोंडाने 'पम पम' करत ढोल वाजवतात. वाद्याचे बोल आधी तोंडाने म्हणायचे, मग हाताने. काकांकडे शिकायला येणारी मुलं पहिले सहा महिने तेच करतात. काका एकदम खुर्चीत पुढे सरकले. "अगं, ही तर पढंत!" त्या वर्षी 'माय लिटल ड्रम'ला दोन मतं पडली.

'ओ टॅननबाऊम' मात्र थांबून ऐकायला हवा. तो पहिल्या बाजूचा पहिला ट्रॅक, पाच मिनिटांचा. चाल जुनी जर्मन, सूचिपर्णी झाडाला उद्देशून: तू उन्हाळ्यात हिरवा, हिवाळ्यातही हिरवा. सुरुवातीला ग्वाराल्डी एकटाच वाजवतो, ताल नाही, घाई नाही. आलापासारखं, एकेक सूर ठेवून बघत. मग बेस आणि ड्रम्स अलगद येतात आणि तीच गंभीर चाल पाय हलवायला लावते. ड्रमवाला काठ्या वापरत नाही, तारांचे ब्रश कातड्यावर फिरवतो. कुणीतरी अंगण झाडतंय असा आवाज येत राहतो. माझ्या ऑफिसातला एक मित्र डबल बेस वाजवतो, तो दरवर्षी हाच निवडतो. तो सांगतो की मूळ रेकॉर्डच्या कव्हरवर बेस आणि ड्रम्स वाजवणाऱ्यांची नावंच नव्हती. आज आपण फ्रेड मार्शल आणि जेरी ग्रॅनेली ही नावं घेतो. ग्रॅनेली तर पुढे उतारवयात हेच संगीत घेऊन गावोगाव फिरला, २०२१ मध्ये गेला. तो मित्र 'ओ टॅननबाऊम' ऐकताना पियानोकडे लक्षच देत नाही. डोळे मिटून खालचा बेस ऐकतो, आणि त्याच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर पट्ट्या धरत असतात.

अल्बमला सगळे वाद्यसंगीताचा म्हणतात, पण त्यात मुलं गातातही. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सॅन राफेल गावातल्या सेंट पॉल्स चर्चची ही मुलं. १९६५ च्याच मे महिन्यात ग्वाराल्डीने तिथल्या गायकवृंदाबरोबर ग्रेस कॅथीड्रलमध्ये जॅझ प्रार्थना सादर केली होती, त्यातून ही ओळख. रेकॉर्डिंग रात्री उशिरापर्यंत चालायचं, आणि संपल्यावर मुलांना आइस्क्रीम मिळायचं. 'हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग' ऐका. मुलं जोरात गातात आणि सुराच्या किंचित खाली राहतात. शब्दांच्या शेवटी आवाज एकत्र संपत नाहीत. ग्वाराल्डीला ते तसंच हवं होतं. मुलं मुलांसारखी वाटली पाहिजेत.

माझा कान तानपुऱ्यावर तयार झालेला. सूर कमी लागला की माझ्या दातांना कळतं. पहिल्या दोन वर्षांत हा ट्रॅक लागला की मी स्वयंपाकघरात चहा बघायला जायची. तिसऱ्या वर्षी आजींच्या लक्षात आलं. त्या काही बोलल्या नाहीत. निवडीची वेळ आली तेव्हा नेहमीप्रमाणे 'हार्क' म्हणाल्या, आणि यावेळी कारण सविस्तर सांगितलं. ९ डिसेंबर १९६५ ला, गुरुवारी रात्री, हा कार्यक्रम पहिल्यांदा टीव्हीवर लागला तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. त्याच आठवड्यात त्यांच्या शाळेत ख्रिसमसचं गाणं होतं, आणि गायनाच्या बाईंनी त्यांना मागच्या रांगेत उभं करून सांगितलं होतं की तू फक्त ओठ हलव. त्या रात्री टीव्हीसमोर बसून त्यांनी या मुलांचं गाणं ऐकलं. "ती मुलं माझ्यासारखीच बेसूर होती," आजी म्हणाल्या, "आणि त्यांना कुणी थांबवलं नव्हतं."

मी त्यानंतर चहा बघायला उठले नाही. आता ऐकते तेव्हा मला कळतं की ही मुलं सुरात असती तर तो ट्रॅक मी विसरून गेले असते.

वाहिनीच्या अधिकाऱ्यांना तो कार्यक्रम आवडला नव्हता म्हणतात. फार संथ, मुलांच्या कार्टूनला जॅझ कशाला. पण तारीख ठरलेली होती, बदलायला वेळ नव्हता. त्या रात्री टीव्ही लावलेल्या घरांपैकी जवळपास निम्म्यांनी तो पाहिला. अधिकाऱ्यांचा एक मुद्दा मला मान्य आहे: तो खरोखर संथ आहे, आणि आनंदी नाही. पहिल्याच दृश्यात मुलं गोठलेल्या तळ्यावर स्केटिंग करत असतात, बर्फ पडत असतो, आणि चार्ली ब्राउन मित्राला सांगतो की ख्रिसमस आलाय पण त्याला जसं वाटायला हवं तसं वाटत नाहीये. सण आला आणि आतून काही उमललं नाही, हे लहान मुलाच्या तोंडून टीव्हीवर तेव्हा कोण बोलत होतं? त्या दृश्यात मागे 'ख्रिसमस टाइम इज हिअर' वाजतं.

आणि आमचा खरा वाद तिथेच आहे. कारण हे गाणं अल्बमवर दोनदा येतं. एकदा नुसतं वाद्यांवर, सहा मिनिटं. एकदा मुलांच्या आवाजात, तीन मिनिटांहूनही कमी. मूळ रचना वाद्यांसाठीच होती. दृश्याला शब्द हवेत असं वाटल्यावर मेंडेलसनने एका पाकिटाच्या मागे दहापंधरा मिनिटांत शब्द लिहिले. शब्द साधे आहेत: सण आला, आनंद आला, मुलांना हवी असते ती सगळ्यात चांगली वेळ आली.

चाल मात्र असं म्हणत नाही. मी घरी पेटीवर बसून ती शोधली. पहिली स्वरसंगती षड्जावर आहे, ऊबदार, शुद्ध निषाद मिसळलेली, जिथे घर आहे असं वाटतं. दुसरीच्या वेळी पायाखालचा सूर एक पायरी खाली घसरून कोमल निषादावर जातो. पुन्हा षड्ज. पुन्हा कोमल निषाद. घरात यायचं आणि उंबऱ्यावरच थबकायचं, असं ते हेलकावत राहतं. ते दुःख नाही. कुणी गेलेलं नाही, काही तुटलेलं नाही. दिवाळीत आईने फराळाचा डबा पाठवला, तो आठवडाभर उशिरा आला, आणि तरी आपण पणत्या पुन्हा लावून तो उघडला. त्या संध्याकाळी घरात जे होतं, ते आहे.

शब्द आले की मुलं त्या हेलकाव्यावर उभं राहून आनंद आनंद म्हणतात, आणि ऐकणाऱ्याचा गळा भरून येतो. ज्यांना गायलेलं आवडतं त्यांचं म्हणणं हेच, की हा विरोधच त्या गाण्याचा प्राण आहे. मी बरीच वर्षं त्यांच्या बाजूने होते. वाद्यांचा ट्रॅक मला लांब वाटायचा. मग एका वर्षी, बाबा आजारी होते आणि मी जाऊ शकत नव्हते, तेव्हा डिसेंबरभर मला कुणाचे शब्दच नको झाले होते. फोनवर सगळे चांगलंच बोलत होते. मी गाडीत एकटी असताना ही सहा मिनिटं लावायची. त्यात ग्वाराल्डी चाल एकदा सरळ वाजवतो आणि मग तिच्यापासून हळूच दूर जातो. मधे जागा सोडतो. बेस दोन सूर देतो आणि गप्प बसतो. त्या मोकळ्या जागेत मला बाबांचा खोकला, मिरजेची दुपार, दवाखान्याचा जिना, सगळं ठेवता येत होतं. कुणी मला सणाची वेळ आहे असं सांगत नव्हतं. बाबा बरे झाले. माझी निवड मात्र बदलली ती बदललीच.

ग्वाराल्डीला एका हंगामापुरती गाजणारी गाणी नको होती. पुढचे वादक वर्षानुवर्षं वाजवत राहतील अशी हवी होती. ६ फेब्रुवारी १९७६ ला मेनलो पार्कमधल्या एका क्लबात पहिला भाग वाजवून तो विश्रांतीला खोलीत गेला आणि तिथेच कोसळला. सत्तेचाळीस वर्षांचा होता. त्याच दिवशी त्याने पीनट्सच्या आणखी एका कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग संपवलं होतं. मेनलो पार्क आमच्यापासून खाडीवरचा पूल ओलांडला की येतं. मी कामाला रोज तिथूनच जाते.

या दोन 'ख्रिसमस टाइम'मध्ये काय आहे ते फोनवर ऐकणाऱ्यांना कळत नाही. तिथे एक संपलं की दुसरं लगेच सुरू होतं. पण मूळ रेकॉर्डवर वाद्यांचा ट्रॅक पहिल्या बाजूचा शेवटचा आहे आणि गायलेला दुसऱ्या बाजूचा पहिला. मधे उठावं लागतं. सुई उचलायची, रेकॉर्ड उलटायची, पुन्हा सुई ठेवायची. हे कुणी मुद्दाम केलं की बाजूंची मिनिटं जुळवताना तसं झालं, याने मला काही फरक पडत नाही.

गेल्या डिसेंबरात आजींचे हात थरथरायला लागले होते. त्यांनी माझ्या मुलीला उलटायला सांगितलं. ती बारा वर्षांची, पटकन उठली. शेवटचा सूर विरत होता, तारांचे ब्रश थांबले होते, सुई आतल्या रित्या खाचेत फिरत टक्-टक् करत होती. मुलीने हात पुढे केला, तेवढ्यात आजी म्हणाल्या, "थांब जरा."

ती थांबली. फ्रिजची घरघर ऐकू येत होती. काकांचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता, वाजत नव्हता. बाहेर पन्हाळीतून पाणी पडत होतं. सॅन राफेलची ती मुलं आता आजींच्याच वयाची झाली असतील, रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला ती अजून तयार उभी होती. आजींनी मान हलवली, आणि मुलीने सुई उचलली.